झाडलेलं घटनास्थळ

“तुम्ही झाडलंत?”

“झाडलं असं नाही मॅडम, जरा एका बाजूला सारलं.”

“कुठल्या बाजूला?”

“डब्याच्या.”

“आणि डबा कुठाय?”

“आत्ताच रिकामा करून आणला. विसळलाय पण!”

“अहो काका, तो खुनाचा पुरावा होता!”

“खून कुठे झालाय मॅडम? कापसाची बाहुली आहे ती.”

“परीक्षेपुरता झालाय ना! तिच्या मुठीजवळ खुन्याचे केस मुद्दाम मांडले होते मी. बाकीच्यांनी ते चिमट्यानं उचलले, पाकिटात घातले, वर वेळ लिहिली. तुम्ही झाडू शोधलात!”

“शोधायला कशाला लागतोय? दाराआडच होता.”

“आणि तिची मान? मान मोडलेली होती तिची!”

“वाकडी दिसली. हनुवटीला बोट लावून सरळ केली. सवय हो, दुसरं काय.”

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

मॅडम म्हणजे विद्यापीठातल्या फौजदारी न्याय विभागाच्या. वय चौतीस. समोर उभा होता तो त्यांचा विद्यार्थी, वय त्रेपन्न, माझा सख्खा काका. काकाचं केस कापायचं दुकान आहे. एकतीस वर्षं झाली. खुर्चीतून माणूस उठायचा अवकाश, काकाच्या हातात झाडू. एकदा म्हणे दुकानासमोर दोन गाड्या धडकल्या, सगळा रस्ता गोळा झाला. काका आधी जमीन झाडून मग बघायला बाहेर आला.

असा माणूस विद्यापीठात गेला कसा? तर दुकानासमोर न्यायालय आहे. तारीख असली की आरोपी सकाळी आधी काकाकडे येतात, गुळगुळीत दाढी करून मग आत जातात. “मी माणसाला चेहऱ्यानं निर्दोष करून पाठवतो,” काका म्हणायचा, “पुढे त्याचं काय होतं ते मला नको कळायला?” म्हणून पन्नाशीत त्यानं नाव घातलं. कायदा पाठ केला, साक्षीदार तपासायचे कसे ते शिकला, लेखी परीक्षेत भल्याभल्यांना मागे टाकलं. दुकानात दोन आरशांच्या मधे वेगवेगळ्या भांगांचा जुना तक्ता होता, तो काढून पदवीसाठी चौकट टांगली. रिकामीच. गिऱ्हाइकं विचारायची, “काका, ह्यात कोण बसणार?” काका मिशीतल्या मिशीत हसायचा.

आता उरली होती ही एकच परीक्षा, आणि तीही त्यानं झाडून टाकली होती.

“परवा अकरा वाजता पुन्हा या,” मॅडम म्हणाल्या. “शेवटची संधी. तुमच्या नोंदणीची मुदत यंदा संपतेय. परवा चुकलात तर पदवी विसरा.”

घरी काकूनं सगळं ऐकून घेतलं. मग दुकानातून पिशवीभर केस मागवले, स्वयंपाकघरात जमिनीवर भुरभुरले आणि हातात फूटपट्टी घेऊन स्टुलावर बसली.

“हं. बघा आता. हात लावायचा नाही.”

काका बघू लागला. अकरा सेकंदांत तो वाकला.

फट्!

“अगं, मारतेस काय!”

“मग वाकता कशाला?”

“खाजतंय गं.”

“कुठे?”

“तळहाताला.”

दुसऱ्या खेपेला चाळीस सेकंद. तिसऱ्याला दोन मिनिटं, पण पायानं हळूच ढीग करताना सापडला. सातव्या खेपेला काकूनंच पट्टी खाली ठेवली.

“अहो, एक सांगू? तुम्हाला हे खाली पडलेलं दिसतंय. म्हणून कचरा वाटतोय. डोक्यावर असताना कसं बघता? माणूस दारात आला की तुम्ही त्याच्या केसांवरून सांगता, हा कुठे कापून आला, कधी, आणि कोणी वाट लावली. तसं बघा की ह्यांच्याकडे!”

काका केसांजवळ सरकला. उकिडवा बसला. एकेक केस निरखू लागला. झाडूची आठवण काढली नाही.

परवा अकराला काका दोन्ही हात खिशात कोंबून हजर. खोली तीच, बाहुली तीच, मान पुन्हा मोडलेली. मॅडमनी झाडू काचेच्या कपाटात घालून कुलूप लावलं होतं आणि त्या कपाटाला पाठ करून बसल्या होत्या. कपाळावर भुवयांपर्यंत आलेला रुंद कापडी पट्टा, डाव्या हातात पेन.

“सुरू करा.”

काका बाहुलीच्या मुठीजवळ उकिडवा बसला.

“हे केस झटापटीत उपटलेले नाहीत मॅडम. एकालाही मूळ नाही. कापून आणून टाकलेत. खोटा पुरावा आहे हा.”

मॅडमचं पेन थांबलं. “पुढे?”

“कात्री केसांची नव्हे, कागदाची. टोकं चावल्यासारखी झालीत. ओले न करताच कापलेत. कपाळावरचे आहेत. रंग घरी लावलेला, कुठे गडद, कुठे फिका.”

“बरं. पुरे तेवढं.”

“थांबा ना! हा तुकडा चार बोटं, हा दोन, हा एक. म्हणजे आधी एक बाजू तिरकी गेली. ती सारखी करायला दुसरी कापली. मग ती जास्त गेली, म्हणून परत पहिली. उतार बघता माणूस डावखुरा. आरशासमोर, घाईत, एकटा. शेवटी शेवटी रडकुंडीला आलेला.”

“पुरावा उचला, काका.”

काकानं चिमटा घेतला. एकतीस वर्षांचा हात तो. एक केस निसटला नाही. पाकीट बंद, वेळ, सही. बाहुलीची मान वाकडीच ठेवली. त्याचा त्याला त्रास झाला, पण ठेवली.

मॅडमनी मान खाली घालून गुण लिहिले आणि कागद डोळ्यांसमोर उभा धरून एकदा वाचला. तेवढ्यात काकानं त्यांच्या खांद्यावरून मागच्या काचेत पाहून घेतलं. आयुष्यभर पाठीमागचं घड्याळ आरशात वाचलेला माणूस. उलटे आकडे त्याला सुलट्यांहून लवकर कळतात. पन्नासपैकी चव्वेचाळीस.

चौकट भरली. आता उठून, नमस्कार करून निघायचं, बस्स. पण काकाच तो.

“मॅडम, एकच शंका. अभ्यासातलीच आहे.”

“विचारा.”

“इथून बसनं तीन थांब्यांवर एक चांगलं दुकान आहे. गुन्हेगार तिथे का नाही आला?”

मॅडमनी कपाळावरचा पट्टा दोन्ही हातांनी आणखी खाली ओढला, फाईल काखेत मारली, झाडूच्या कपाटाची किल्ली काकासमोर टेबलावर ठेवली आणि बाहेर निघून गेल्या.