उलट्या फेऱ्याचा व्हॉल्व्ह

चावीकाकांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथेच राहिलं. गल्लीत, बाजारात, पाणीखात्यात सगळे त्यांना चावीकाकाच म्हणत. कारण त्यांची चावी. रस्त्याखालचा व्हॉल्व्ह फिरवायची, छातीइतकी उंच, वर आडवी मूठ असलेली लोखंडी चावी. छत्तीस वर्षं ती त्यांच्या खांद्यावर होती. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं त्यांना भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. काका म्हणाले, "घड्याळ आहे घरी. चावी द्या." दिली. गेली आठ वर्षं ती दाराआड उभी आहे आणि काकू रोज केर काढताना तिचा उद्धार करतात.

कामाच्या बाबतीत काका कडक. व्हॉल्व्ह उघडला तर फेरे मोजायचे. मोजले नाहीत तर उघडला असं म्हणायचं नाही. झाकण बसवलं की त्यावर उभं राहून बघायचं. हललं तर काम अर्धं, आणि अर्ध्या कामाचा पूर्ण पगार घेणारा माणूस चोर. हे ते तोंडावर सांगत. त्यामुळे त्यांना मित्र कमी. पण नळ कोरडा पडला की त्याच लोकांना आधी काका आठवत.

नगरपालिकेनं अग्निशमन दल आणि रुग्णवाहिकांच्या पुढच्या वर्षीच्या निधीबद्दल सल्ला द्यायला नागरिकांची समिती नेमली. नऊ जण. त्यात काका. अध्यक्ष होत्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे बाई म्हणत. बाजारपेठेकडून आले होते कापडशेठ. बैठक अग्निशमन केंद्राच्या वरच्या खोलीत. खाली लाल बंब उभा, खिडकीबाहेर मनोऱ्यावरून पाणी मारायचे ओले होज वाळत टांगलेले, आणि खोलीत नऊ खुर्च्या, त्यातल्या दोन लंगड्या. पहिल्याच बैठकीत काकांनी दोन्ही खुर्च्यांचे स्क्रू आवळले. मगच बसले.

प्रश्न सरळ होता. रेल्वे फाटकापलीकडच्या खालच्या वस्तीत एक रुग्णवाहिका उभी असते. ती चालू ठेवायची, की तिचे पैसे वळवून बाजारपेठेसाठी पाण्याचा मोठा टँकर घ्यायचा? दोन्हीला निधी पुरत नव्हता. समिती शिफारस करील ते पालिका बहुधा मान्य करणार होती.

काकांचं मन कुठे होतं ते सांगायला नको. ते खालच्याच वस्तीत राहायचे. आदल्या वर्षी काकूंच्या छातीत कळ आली, तेव्हा ती रुग्णवाहिका सात मिनिटांत दारात होती. मुख्य केंद्रातून आली असती तर फाटक उघडं असताना एकोणीस मिनिटं. बंद असताना, देव जाणे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसली गत. काकू आज जिन्यावरून चढउतार करतात, नवऱ्याला बोल लावतात, हे त्या बारा मिनिटांचं देणं.

पण बाजारपेठेचं दुखणंही खोटं नव्हतं. अग्निशमन केंद्राच्या प्रमुखांनी तिथल्या हायड्रंटला, म्हणजे रस्त्यावरच्या आगीच्या नळाला, होज लावून चाचणी घेतली होती. पाण्याची धार पहिल्या मजल्याच्या खिडकीपाशी मान टाकत होती.

"दुकानं माळ्यापर्यंत कापडानं भरलेली आहेत," शेठ म्हणाले. "पेटलं तर या धारेनं फार तर आम्ही हात धुऊन घेऊ."

केंद्रप्रमुखांनी काकांकडे पाहिलं. "काका, एखादा व्हॉल्व्ह चुकून बंद राहिला असेल का?"

एवढं पुरलं. काका ताठ झाले.

"माझ्या हद्दीत? साहेब, बाजारपेठेच्या मोठ्या लाइनचा सांधा मी स्वतः केलाय. चौतीस वर्षांत तिथे कुणाला कुदळ लावावी लागली नाही. सगळे व्हॉल्व्ह सताड उघडे आहेत. टाकीच अपुरी पडते, त्याला मी काय करू?"

"मग टँकरच हवा," बाई वहीत लिहीत म्हणाल्या. "पुढच्या बैठकीत मतं घेऊ. शुक्रवारी."

काकांना आपण काय बोलून बसलो ते जिना उतरताना कळलं. आपल्याच तोंडानं त्यांनी रुग्णवाहिका घालवली होती.

घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि ते व्हॉल्व्ह उघडे आहेत हे बघून आलात?"

"बघायला कशाला पाहिजे? मला माहीत आहे."

"दुसरा कोणी असं म्हणाला असता तर तुम्ही त्याला उभा सोलला असता."

काकांनी ताट पुढे ओढलं. पानात टाकू नये म्हणून जेवले. सकाळी केंद्रप्रमुखांना फोन केला, पाणीखात्याची परवानगी मागवून घेतली आणि दाराआडची चावी खांद्यावर टाकली.

बाजारपेठेच्या तोंडाशी मोठ्या लाइनचा व्हॉल्व्ह. त्याचं झाकण दिसत नव्हतं; रस्त्यावर दोनदा डांबर चढलं होतं. केंद्रप्रमुख म्हणाले, नकाशा मागवू. काका म्हणाले, नकाशा काढणारा इथे कधी आला नव्हता. त्यांनी पेढीच्या दगडी कोपऱ्यापासून टेप लावली, मग दिव्याच्या खांबापासून, आणि जिथे दोन मापं जुळली तिथे छिन्नी ठेवली. खात्याच्या फिटरनं ड्रिल आणायचं विचारलं. "झाकण फोडशील," काका म्हणाले आणि गुडघ्यावर बसले. पाऊण तास लागला. छिन्नी अगदी झाकणाच्या कडेला लागली. एक बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. फिटरनं तोंडात बोट घातलं. काकांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

आतला गाळ हातानं काढला. चावी बसवली. व्हॉल्व्ह डावीकडे फिरवला की उघडतो, उजवीकडे फिरवला की बंद होतो, हे खात्यातलं कालचं पोरही सांगेल. काकांनी डावीकडे जोर लावला. हलेना. घट्ट.

"बघा साहेब. पूर्ण उघडा."

"म्हणजे टाकीच लहान," केंद्रप्रमुख म्हणाले.

"थांबा. फेरे मोजतो. बंद करून परत उघडतो, म्हणजे तुमची शंका नको."

ते उजवीकडे फिरवू लागले आणि सवयीनं कान चावीच्या मुठीला लावला. व्हॉल्व्ह बंद होताना पाणी आधी गर्जतं, मग शीळ घालतं, मग गप्प होतं. ती शीळ काकांना झोपेतही ओळखू आली असती. इथे आधीच सगळं गप्प होतं. चौथ्या फेऱ्याला शीळ आली. दहाव्याला शीळ गेली आणि गर्जना आली. काकांनी कान काढला नाही. एकतीस फेरे झाले आणि चावी थांबली.

"काका, काय झालं?"

काका जमिनीवरच बसून राहिले. "उलटा आहे," ते म्हणाले. "हा उलट्या फेऱ्याचा आहे. उजवीकडे उघडणारा. जुन्या कंपनीचे असे दोन-चार होते गावात. आत्तापर्यंत बंद होता."

होज लावला. धार तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर पोचली आणि तिथे वाळत घातलेल्या चादरी भिजल्या. वरून एका बाईनं सगळ्यांच्या सात पिढ्या काढल्या. फिटर हसत सुटला. काका हसले नाहीत.

त्यांना तो दिवस आठवला होता. न आठवून कसं चालेल? लेकीचा जन्मदिवस तो. सकाळी मोठी लाइन फुटली म्हणून त्यांनीच हा व्हॉल्व्ह बंद केला होता. उजवीकडे घट्ट लागला, मग डावीकडे फिरवला, एकतीस फेऱ्यांत पाणी थांबलं. उलटा आहे हे तेव्हाच समजलं होतं. दुपारी सांधा पूर्ण झाला आणि दवाखान्यातून निरोप आला, मुलगी झाली. काकांनी चावी कामावरच्या जोडीदाराच्या हातात कोंबली, "उघडून टाक रे!" म्हणाले आणि धावत सुटले. उलटा आहे हे सांगायचं राहिलं, आणि आनंदात पुढे स्वतःच्याही लक्षातून गेलं. जोडीदारानं नेहमीप्रमाणे डावीकडे जोर लावला, घट्ट लागला म्हणजे उघडाच असणार, असं समजून झाकण लावलं. मागच्या गल्लीतून एक बारीक लाइन येऊन बाजारपेठेला मिळत होती. तिच्यावर घरचे नळ चालू राहिले. पाणी कमी आहे अशी तक्रार चौतीस वर्षांत कुणी केली नाही. आग लागली नाही, हे नशीब.

घरी त्यांनी काकूंना सांगितलं. काकू पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

"म्हणजे बाजारपेठेचं पाणी आपल्या पोरीनं अडवलं."

"थट्टा नको."

"थट्टा कसली? जन्मल्या जन्मल्या एवढं काम. बापावर गेलीय." मग गंभीर होऊन म्हणाल्या, "शुक्रवारी काय सांगणार?"

"झालं ते."

शुक्रवारी काकांनी उभं राहून झालं ते सांगितलं. बसून सांगता आलं असतं. बाईंनी समोर खात्याचं जुनं रजिस्टर ठेवलं होतं. त्यात जोडीदाराच्या सहीनं लिहिलं होतं: व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.

शेठनी वाट करून दिली. "म्हणजे चूक तुमच्या जोडीदाराची. ते तर वारले ना? मग तुम्ही कशाला अंगावर घेताय?"

"तो मला पुढे बारा वर्षं जोडीला होता. त्यानं फेरे मोजले नाहीत, खरं. पण दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, उघडलास? तो म्हणाला, पूर्ण. मी विचारलं नाही, किती फेरे. आयुष्यात तेवढ्या एकाच दिवशी विचारलं नाही. मुलगी झाली होती, जमिनीवर नव्हतो." काकांनी बाईंसमोरच्या रजिस्टरकडे पाहिलं. "आणि मागच्या बैठकीत छातीठोक सांगितलं, तेही न बघता. ती चूक तर कुणाच्या सहीची नाही. माझीच."

बाई हळूच म्हणाल्या, "बसा काका."

"बसतो. आधी टँकरचं बोला. आता टँकर लागत नाही. रुग्णवाहिका राहू द्या."

शेठ खुर्चीत पुढे सरकले. ते वाईट माणूस नव्हते, पण दुकान त्यांचं होतं. "काका, राग मानू नका. गेल्या वेळी तुम्ही म्हणालात सगळे उघडे आहेत, आम्ही मानलं. आज म्हणताय एक बंद होता, आता ठीक आहे. बाजारपेठेत अजून किती आहेत?"

"अकरा."

"त्यांचं काय? तुमच्या शब्दावर आम्ही कापडाच्या गाठी ठेवायच्या?"

काकांचा चेहरा उतरला. छत्तीस वर्षांत त्यांच्या शब्दाला असं कोणी तोललं नव्हतं. रुग्णवाहिका आता या एका प्रश्नावर अडली होती आणि शेठचं चुकत नव्हतं.

"माझ्या शब्दावर नको," काका म्हणाले. "मतं मंगळवारी घ्या. उद्या आणि परवा तुम्ही सगळे माझ्याबरोबर चला. अकराचे अकरा व्हॉल्व्ह फिरवू. मी फक्त दाखवीन. फिरवायचं तुम्ही, मोजायचं तुम्ही."

"आम्ही?" शेठ.

"सकाळी आठला. आठ म्हणजे आठ."

शेठ सव्वाआठला आले. काकांनी पहिलं झाकण उघडून ठेवलं होतं, आणि गाळ काढून झाला होता. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. शेठना ते जास्त लागलं. इस्त्रीचा सदरा कोपरापर्यंत गुंडाळून त्यांनी चावी धरली.

"मनगटानं नाही शेठ, कमरेनं. कापड फाडताय का?"

"किती झाले?"

"मोजणारे तुम्ही. मला काय विचारता?"

नऊ झाले होते की दहा, हे शेठना सांगता येईना. काकांनी पुन्हा पहिल्यापासून फिरवायला लावलं. बाई कठड्यावर बसून वहीत आकडे टिपत होत्या आणि कुणी मधेच चुकला की शाळेतल्यासारखं डोळे वटारत होत्या. केंद्रप्रमुखांच्या माणसांनी प्रत्येक हायड्रंटला होज लावला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दहा व्हॉल्व्ह पूर्ण उघडे निघाले. सातवा सहा फेऱ्यांनी कमी उघडा होता. तो शेठनी स्वतः पूर्ण उघडला आणि मुठीला कान लावून कितीतरी वेळ ऐकत उभे राहिले.

"गर्जतंय," ते म्हणाले.

"गर्जणारच," काका म्हणाले. "आता झाकण लावा. आणि वर उभे राहून बघा."

उलट्या फेऱ्याचा आणखी एक निघाला, तो उघडाच होता. त्याच्या झाकणावर काकांनी खात्याच्या फिटरकडून लाल रंगात उजवीकडे बाण काढून घेतला. मोठ्या लाइनच्या झाकणावरही. फिटरनं पहिला बाण वाकडा काढला. पुसायला लावला.

मंगळवारी बाईंनी मतं मागितली. रुग्णवाहिका ठेवावी, टँकर नको, आणि दर वर्षी सगळे व्हॉल्व्ह फेरे मोजून तपासावेत, त्यासाठी निधीतला थोडा वाटा वेगळा काढावा. तीन हात लगेच वर गेले. मग दोन. बहुमत झालं होतं. शेठचा हात अजून खालीच होता. काका खाली पाहत होते.

शेठनी हात वर केला. तळव्यावर तीन ठिकाणी चिकटपट्ट्या होत्या.

"माझी एक अट आहे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी चावी दुसऱ्या कुणाला तरी द्या."

खोली हसली. काकाही हसले, पण लगेच शेठच्या तळव्याकडे वाकून पाहिलं.

"मनगटानं फिरवलंत," ते म्हणाले. "सांगत होतो."