दादा, डोक्यात आवाज येतो का?

यांचा उजवा डोळा लाल व्हायला लागला तेव्हा अपघाताची भीती आमच्या मनातून जवळजवळ गेली होती. मानपाड्याच्या कारखान्यातून घरी येताना यांची स्कूटर खडीवरून घसरली आणि डोकं दुभाजकावर आपटलं. हेल्मेट होतं म्हणून निभावलं. स्कॅन चांगला आला, हॉस्पिटलमधून सुटी मिळाली, आम्ही कोपरच्या घरी आलो आणि मी दत्तगुरूंपुढे पेढे ठेवले. संकट टळलं असंच मला वाटत होतं.

मग काही आठवड्यांनी हा डोळा. आधी नुसता लाल, मग सुजलेला, मग जरासा पुढे आल्यासारखा. डोळे आले असतील म्हणून डॉक्टरांकडून थेंब मिळाले, ते संपले तसे दुसरे मिळाले. हे म्हणायचे, "डोक्यात सारखा पंप चालू असल्यासारखं वाटतंय गं." मार बसलाय, हळूहळू कमी होईल, असं घरातले सगळेच म्हणत होते. पण एके सकाळी चहाचा कप उचलायला यांनी हात पुढे केला आणि तो कपाच्या शेजारी, रिकाम्या जागेवर पडला. यांना दोन कप दिसत होते. कारखान्यात यंत्रांचे बारीक भाग तपासण्यात यांचा जन्म गेलेला. नजर हीच यांची ओळख. यांनी कप माझ्याकडे सरकवला.

आता कुठल्या हॉस्पिटलमध्ये न्यायचं, यावर घरात रोज चर्चा. धाकटे दीर म्हणत, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलमध्येच न्या. तिथली वेळ मिळत होती ती मात्र पुढच्या पंधरवड्यातली. माझी बहीण म्हणे, डोळ्याचंच दुखणं आहे तर डोंबिवलीतच डोळ्यांच्या हॉस्पिटलला दाखव. कुणी म्हणे डोक्याच्या डॉक्टरकडे जा, कुणी म्हणे डोळ्याच्या. सगळ्यांचं पटायचं आणि निर्णय काही व्हायचा नाही. मी दत्तगुरूंच्या तसबिरीपुढे बसले आणि म्हटलं, मला काही कळत नाही, तुम्हीच दाखवा. बराच वेळ बसले. काहीही घडलं नाही. खरं सांगते, उठताना मनात राग होता. इतकी वर्षं सेवा केली, आणि आता मी विचारतेय तर उत्तर नाही.

शेवटी जवळचं म्हणून डोंबिवलीतल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये गेलो. बाकावर आमच्या शेजारी एक बाई सासूला मोतीबिंदूसाठी घेऊन आलेली. चाळिशीची असेल, गळ्यात बारीक साखळीत बुद्धाचं पदक. ती यांच्याकडे सारखी बघत होती. मला जरा अवघडल्यासारखं झालं. मग तिनं एकदम विचारलं,

"दादा, डोक्याला मार लागलेला का कधी?"

हे हो म्हणाले.

"आणि डोक्यात आवाज येतो का? नाडीसारखा, ठोक्याठोक्याला?"

हे ताठ बसले. इतक्या दिवसांत कुणी हे विचारलंच नव्हतं. "येतो," हे म्हणाले, "झोपू देत नाही."

"माझ्या भावाला सेम असंच झालेलं. आम्ही पण थेंबच घालत बसलेलो. ताई, इथे नका थांबू. डोळ्याचा आणि मेंदूचा डॉक्टर एकाच ठिकाणी असेल तिथे न्या. ठाण्याला आहे तसं." तिनं तिथल्या तिथे ठाण्यातच वर्तकनगरला राहणाऱ्या भावाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. तिचं नाव सुजाता.

मी बाजूला जाऊन दिरांना फोन केला. ते वैतागले. "वहिनी, कोण कुठली बाई, तिच्या सांगण्यावरून तुम्ही दादाला ठाण्याला नेणार?" मी यांच्याकडे पाहिलं. हे उठून उभे राहिले होते. म्हणाले, "चल. तिनं बरोबर तेच विचारलं."

टॅक्सीनं ठाण्याला पोचलो तेव्हा सुजाताचा भाऊ हॉस्पिटलच्या दारात उभा होता. ओळख ना पाळख, त्यानं यांचा हात धरून आत नेलं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, मग यांना डोळे मिटायला सांगितलं आणि चक्क पापणीवर स्टेथोस्कोप ठेवला. डोळ्याला स्टेथोस्कोप लावलेला मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. त्यांनी तो पापणीवर तसाच धरून आपल्या कानांतल्या नळ्या माझ्या कानांत घातल्या. "ऐका काकू." आत झूऽ, झूऽ असा आवाज येत होता, थांबून थांबून. हे इतके दिवस जे सांगत होते ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

डॉक्टरांनी समजावलं. मार लागल्यामुळे डोळ्यामागची एक मोठी रक्तवाहिनी आतून फाटली होती आणि तिचं रक्त जोरानं शेजारच्या शिरेत शिरत होतं. सगळा दाब डोळ्यावर येत होता. "थेंबांनी हे थांबणार नाही. उशीर झाला तर नजर जाऊ शकते. पण तुम्ही वेळेत आलात." त्याच मजल्यावरून त्यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. ते आले, दोघांनी मिळून पाहिलं, एकमेकांना विचारत, एकमेकांचं ऐकत. त्या दोघांना पाहताना माझ्या मनातली घालमेल थांबली. घरात इतके दिवस डोकं की डोळा हा वाद चाललेला, इथे दोन्हींचे डॉक्टर एकाच खुर्चीभोवती उभे होते.

जांघेतून बारीक नळी घालून ती फट बुजवायची, असं ठरलं. यांना आत नेलं तेव्हा मी जप सुरू केला, पण मागणं काही सुचेना. जे करायचं ते करणारी माणसं आत होती. मी दत्तगुरूंना फक्त म्हटलं, आता तुमच्या हातात. आणि पहिल्यांदाच ते शब्द माझे मलाच खरे वाटले.

यांना बाहेर आणलं. मी वाकून विचारलं, कसं वाटतंय? हे थोडा वेळ कान देऊन पडून राहिले. मग म्हणाले, "आवाज थांबला."

लाली उतरली, सूज गेली. दोन-दोन दिसायचं थांबायला काही महिने लागले, पण थांबलं. हे पुन्हा कामावर जातात.

मध्यंतरी आम्ही दोघं सुजाताला भेटायला गेलो. मी तिचे हात धरून म्हटलं, "दत्तगुरूंनीच पाठवलं गं तुला." ती हसली. "ताई, आम्ही देव नाही मानत. दादांचा डोळा बघितला आणि राहवलं नाही, एवढंच." मी वाद घातला नाही. ज्यामुळे तिला राहवलं नाही, त्यालाच मी नमस्कार करते. शरण जाणं म्हणजे सगळं सोडून डोळे मिटून बसणं असं मी समजत होते. आता वाटतं, मदत ज्या दिशेनं येईल त्या दिशेला उठून चालू लागणं, हीच माझ्या वाट्याची शरणागती. उरलेलं सगळं दत्तगुरूंचं.