भोपळ्यावरचा पहिला घाव

नात इंग्रजीचा अभ्यास घेऊन माझ्याजवळ बसली होती. सगळे कापाकापीचेच शब्द. पील म्हणजे सोलणं, ग्रेट म्हणजे किसणं. "आजी, स्प्लिट म्हणजे गो?" मी म्हटलं, "फोडणं. भोपळा फोडतात तसं." आणि बघा, नाकात कच्च्या भोपळ्याचा तो ओला, गोडसर वास भरला.

माझ्या लहानपणीचं, पार्से गावातलं आमचं स्वयंपाकघर. बाबा जाऊन महिना झालेला. त्यांनीच लावलेल्या वेलावरचा भोपळा दोन दिवस विळीपाशी नुसता बसून होता. अख्ख्या भोपळ्यावर पहिला घाव पुरुषाने घालायचा, बाईने घातला तर घराचं वाईट होतं, अशी आमच्यात रीत. आईने शेजारच्या काकांना दोनदा सांगून पाहिलं. "येतंय गे वयनी," म्हणाले, पण आले नाहीत. घरात दुसरी भाजी नव्हती.

दुपारचं ऊन कौलांच्या फटीतून आईच्या पाठीवर पडलं होतं. तिने कोयता उचलला. मी तिचा हात धरला. "नको गो आई, वायट जातला."

"आणि काय वायट जावचा रवला गो?" आणखी काय वाईट व्हायचं राहिलंय, असं ती मलाच विचारत होती.

एका घावात भोपळा उघडला. आत नुसतं केशरी ऊन. आईने बिया हळूच काढून राखेत घोळल्या, सुकत ठेवल्या. मग त्या फाकांना हात जोडले. मला वाटलं, पापाला भिते आहे. आता कळतं, बाबा परत येणार नाहीत हे तिने त्या घावाबरोबर कबूल केलं होतं.

"फोडणं लिहू ना?" नातीने विचारलं.

"लिही," मी म्हटलं.