सात्यांच्या दिवशी बसणारं माणूस

रमाबाईंना एकटं राहायची सवय झालीय, असं सगळे म्हणत. म्हणणाऱ्यांचं काय जातं! दिल्लीच्या सरकारी प्रयोगशाळेत रसायनं हाताळण्यात नोकरी संपली, निवृत्तीनंतर गाझियाबादला फ्लॅट घेतला, आणि तिथं जेमतेम रुळताहेत तोवर यजमान रावसाहेब गेले. मुलगा सुगत गुरुग्रामला. नकाशावर जवळ, पण मधली दिल्ली ओलांडायची म्हणजे त्याला परदेशवारी वाटे.

ऑगस्टच्या शेवटी सोसायटीच्या मागच्या भिंतीशी, वारुळावर सात्या उगवल्या. सात्या म्हणजे रानातली अळंबी. माहेरी, भंडाऱ्याकडे तिच्यासाठी माणसं उजाडायच्या आत जंगलात पळतात. दिल्लीत आल्यापासून रमाबाईंनी त्या पाहिल्याच नव्हत्या. पाहताच तोंडाला पाणी सुटलं, आणि पाठोपाठ शंका आली: या सात्याच कशावरून? पांढरी छत्री घेऊन साक्षात मरणही उगवतं.

मग मोरीतच प्रयोगशाळा मांडली. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर अळंबी दाबून रस उतरवला, पेन्सिलीने त्याभोवती गोल काढला, रस वाळू दिला आणि वर अ‍ॅसिडचा थेंब सोडला. निळा डाग उमटला तर विष. निळं काही उमटलं नाही. कागद नुसता पिवळट करपला.

पण माहेरी आणखी एक नियम होता, विज्ञानाहून जुना. सात्या शिजल्या की घरातल्या एकाने खायच्या नाहीत. त्याने चटणी-भात खायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बाकीच्यांवर लक्ष ठेवायचं. कुणाचं काही बिघडलंच, तर धावपळ करायला एक तरी धड माणूस हवं. त्याला सगळे जागल्या म्हणत, म्हणजे गावचा रात्रीचा राखणदार. वडील भडकत. "तुझ्या आजोबांनी गावची पहारेदारी केली ती काय हौसेनं? तो शब्द माझ्या घरात नको." तेव्हापासून नुसतं विचारायचे, "आज बसणार कोण?"

इथं रमाबाईंकडे खाणारं तोंड होतं, बसणारं माणूस नव्हतं.

बसायला बोलावलं तर शेजारची शिवांगी दारातूनच म्हणाली, "आंटी, बाजार में पैकेटवाला मशरूम मिलता है ना! और आज तो मेरे इन-लॉज आ रहे हैं, वरना बिल्कुल आती।"

उरला सुगत. त्याला फोन लावला.

"सात्या मिळाल्यात. तू खायच्या नाहीत, नुसता ये. उद्या दुपारपर्यंत बस."

"आई, हे काय नवीन?"

"नवीन? तुझ्या पणजोबांच्या वेळचं आहे."

"व्हिडिओ कॉल चालू ठेवला तर नाही चालणार?"

"मला ओकारी झाली तर स्क्रीनमधून तांब्या देशील?"

तो हसला. आणि संध्याकाळी चक्क आला. खांद्यावर लॅपटॉपची बॅग. "चलो, उद्या इथूनच काम करतो." रमाबाईंनी काही दाखवलं नाही, पण आतल्या खोलीत वाळत घातलेले कपडे काढले, पलंगावर धुतलेली चादर घातली आणि रस्सा फोडणीला टाकला.

वासाने सुगत स्वयंपाकघरात आला. "आजोळ आलं यार नाकात! आई, मलाही वाढ."

"तू बसायला आलायस."

"तू बस ना. केमिस्ट तू. टेस्ट पास झाली ना?"

"झाली."

"मग वाढ की."

रमाबाईंची पळी हातातच थांबली. वाढलं असतं तरी तो राहिलाच असता, उलट त्यांना रात्रभर त्याच्या उशाशी बसता आलं असतं. पण ताट त्याचं म्हटल्यावर सगळे प्रश्न उभे राहिले. अ‍ॅसिड मोरी साफ करायचं, त्यात पाणी किती कोण जाणे. आणि ती परीक्षा एकाच जातीच्या विषाची, बाकीची विषं तिच्यात दिसतसुद्धा नाहीत. हे काय त्यांना सकाळी माहीत नव्हतं? स्वतःपुरतं त्यांनी ते चालवून घेतलं होतं.

"नाही वाढणार," त्या म्हणाल्या.

"मला वाढायला तुझं मन धजत नाही, मग तू का खातेस? मी इथं बसून काय तुझं मरण बघू?"

रमाबाईंनी रस्सा पिशवीत ओतून गाठ मारली, कचऱ्यात टाकला, पातेलं घासून पुन्हा घासलं आणि वरणाचा कुकर लावला.

दोघं वरणभात जेवली. सुगतनं ऑफिसमधल्या गमती सांगितल्या, लोणचं मागून घेतलं. हात धुऊन फोन पाहिला. "मग आता बसायची गरज नाही ना? हायवे मोकळा दिसतोय. सकाळी मीटिंगही आहे."

"सात्यांसाठी नाही," रमाबाई म्हणाल्या.

बॅग खांद्याला लावता लावता त्याने "अच्छा, चलो" म्हटलं. तो नक्की काय समजला, ते त्यांना कळलं नाही. लिफ्ट वर आली होती.