लाल कुटार

आमचं सूत रंगवायचं शेड मोठ्या जाऊच्या वावराच्या वरच्या अंगाले. रंगाचं पाणी नाल्यात जाये, न् नाला तिच्या विहिरीजवळून. तिची विहीर लालसर पडली तवा ती माह्याशी भांडली नाही, हेच लय लागलं. भांडली असती तर मीही चार शब्द सुनावले असते. ऐकून घ्यायची सवय मले नाही.

कॉलेजातल्या एका सरांनं आमच्या घरच्या मालकाले सांगितलं, सोयाबीनचं कुटार, मळणीतून उरलेला भुसा, रंग धरून ठेवते. मले हसू आलं. ढोरांपुढं टाकायचं कुटार! पण धुऊन, वाळवून पिंपात ठासून भरलं, वरून लाल पाणी सोडलं, तर खालून निघालं ते जवळजवळ पांढरं. मी जाऊले हाताले धरून आणलं. "पाहा बाई!" ती म्हणे, "हाव बाप्पा, जादूच झाली." उन्हाळ्यापर्यंत विहीर निवळली. ती पुन्हा माह्याकडं चहाले येऊ लागली.

पिंपातलं लाल झालेलं कुटार बदलावं लागे. ते कुठं टाकावं, हे कोणी सांगितलं नाही न् कोणी इचारलंही नाही. शेतकऱ्याच्या घरी फेकायचं असं काही नसतेच. शेण, राख, पालापाचोळा, सारं उकिरड्यावर, न् तिथून वावरात. दोन्ही घरचा उकिरडा सासूबाईंच्या वेळपासून एकच. ज्याच्या हाती टोपलं आलं त्यानं तिथंच रिकामं केलं. पेरणीआधी खताच्या गाड्या भरल्या त्या जाऊच्या वावरासाठी. विहिरीजवळची जमीन हलकी, म्हणून तिथं जास्तच पसरलं.

पावसाळा सरता सरता विहीर आधीपेक्षा लाल झाली. नाल्यात तर रंग नव्हता! मी शेडातली टाकी पाह्यली, नाली पाह्यली, गड्याले उगाच शिव्या देल्ल्या. मग एक दिवस भासऱ्यांनं, जाऊच्या मालकानं, विहिरीजवळचं ओलं ढेकूळ उचलून मुठीत दाबलं, न् हात माह्यापुढं धरला. तळवा लाल होता.

नाल्यात सोडलेलं पाणी बंद तरी करता येते. वावर कसं धुवावं? सरांनं सांगितलं, ते कुटार यापुढं वेगळं ठेवा. यापुढं! राग कोणावर काढू? सारेच आपले, न् कोणीच वाईट केलं नाही.

तरी मी जाऊकडं गेली. तिनं पाट देल्ला, न् पाहुण्याले द्यावं तसं पाण्याचा गिलास पुढं केला. इतक्या वर्षांत माठातलं पाणी मीच घेऊन पेत होती.

"घे. आमी हेच पेतो," ती म्हणे. आवाजात राग नव्हता.

गिलास तोंडापर्यंत नेला. नाही झालं माह्याच्यानं.

"राहू दे," ती म्हणे. तिनं माह्या हातातून गिलास घेतला, न् पाणी परत माठात ओतलं. "पोट्टे येतील आता शाळेतून. त्यांले होईल."