मास्तरांचा अंगठा

मास्तरांच्या शिंपीकामाच्या दुकानात कात्रीला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती. बायकोचीही नाही. एकतीस वर्षं ती त्याच दुकानात काज-बटणं करत, तुरपाई घालत बसली होती. पण कापड कापणार ते मास्तरच. शिवणारे पायलीचे पन्नास मिळतात, कापणारा एकच, असं ते तिच्या देखत सांगायचे.

मग त्यांच्या बोटांचे सांधे सुजायला लागले. डॉक्टर म्हणाले, दुखणं जन्माचं आहे, गोळ्यांनी आटोक्यात राहील, पण जड कात्री बंद. झालं! ज्याला कधी सुईत दोरा ओवता आला नाही, तोही सल्ला द्यायला येऊ लागला. एकाने आंबट सोडायला सांगितलं, दुसऱ्याने खारट. शेजारचा घड्याळवाला म्हणाला, "रोज पहाटे अनवाणी चाला."

मास्तर उखडले. "दुखतात हात, आणि चालवू पाय?"

वरवर असा तोरा, पण आतून माणूस पार खचला होता. कात्री गेली तर आपण कोण, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. म्हणून दुखण्याचा विषय गिऱ्हाइकांपुढे काढायचाच नाही, असा घरात हुकूम. कापायचं काम रोज उद्यावर जायचं, आणि सबबी सांगून सांगून बायकोचं तोंड दुखायचं.

अशात एक वकीलसाहेब काळ्या कोटाचं भारी कापड घेऊन आले. "माझ्यासमोर कापा," म्हणाले, "मागच्या शिंप्याने कापडच बदललं होतं."

"अहो, नको," बायको पुटपुटली. पण मास्तर इरेला पेटले. त्यांनी कात्रीच्या कडीत अंगठा कोंबला. तो पुढे जाईना की मागे येईना. बायकोने पातेल्यात साबणाचं पाणी आणलं, अंगठ्याला चोळलं आणि पातेलं खाली ठेवलं. वकीलसाहेबांनी कात्री धरली, बायकोने मास्तरांना धरलं आणि दोघांनी दोन दिशांना ओढलं.

"अगं, अंगठा माझा आहे!" मास्तर ओरडले. कात्री सुटली तेव्हा वकीलसाहेब थेट पातेल्यात बसले. उठले, कापडाची घडी घातली आणि ओल्या पँटने दाराकडे निघाले.

अंगठ्यापेक्षा ती घडी मास्तरांना जास्त झोंबली. डोळ्यांत पाणी आलं. तरी जित्याची खोड; नजर गेली ती वकीलसाहेबांच्या पाठीवर.

"साहेब, तुमचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय. म्हणून हात वर केलात की कोट चढतो आणि तुम्ही तो सारखा खाली ओढता. शिंपी कितीही बदला, खांदा ओळखल्याशिवाय कोट बसायचा नाही."

वकीलसाहेबांच्या हातात तेव्हा अंगातल्या कोटाचं टोकच होतं. त्यांनी ते सोडलं आणि परत फिरले.

मास्तर खुर्चीत बसले, बायको कात्री घेऊन टेबलाशी उभी राहिली. "तिथे नको, बोटभर आत. आत म्हणजे आत गं!"

"तुम्ही तोंड मिटलंत तर कात्री चालेल," ती म्हणाली आणि तिने एका दमात पाठ कापली. मास्तर बघतच राहिले. असा हात असलेल्या बाईला आपण एकतीस वर्षं बटणं लावायला बसवलं, याची त्यांना मनापासून लाज वाटली. पण बाही कापायच्या वेळी ती आपण होऊन थांबली आणि म्हणाली, "आता सांगा." मास्तरांनी घसा साफ केला.

चार दिवसांनी ट्रायल झाली. वकीलसाहेबांनी आरशासमोर हात उंचावून न दिसणाऱ्या न्यायाधीशांना खडसावलं. कोट जागचा हलला नाही.

"वा, मास्तर! उद्या सकाळी आठला माझ्या भागीदारांना पाठवतो."

"उद्या ना," बायको घाईघाईने म्हणाली, "यांना जरा बाहेरगावी—"

"कुठे नाही जात मी," मास्तर म्हणाले. "पण आठला नको, साहेब. आठला मी पेशंट असतो, बोटं गरम पाण्यात घालून बसलेला. अकराला पाठवा. अकराला मी मास्तर असतो. कापणार ही."

वकीलसाहेबांनी डायरी काढली आणि अकरा लिहिलं.