लाइट गेल्यावर गप्प होणारा माणूस

लाइट गेली की ज्याचा चेहरा खुलतो असा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच, आणि तो माझा थोरला मावसभाऊ. परतूरला घरी बसून तो पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. कॉम्प्युटरची एक नवी मेमरी म्हणे वीज गेली तरी काही विसरत नाही. तिच्यात फायली झटपट आणि तरीही बिनचूक कशा ठेवायच्या, याची रचना तो करतो. विसरतच नाही तर अडचण कसली, असं मी एकदा विचारलं. खिडकीबाहेरच्या कापसाच्या गाड्यांकडे बघत तो तंद्रीतच म्हणाला, "विसरणारं परवडलं. लिहिता लिहिता लाइट गेली, तर हे अर्धवटच जल्मभर याद ठेवतं. म्हणून एक तर पुरं, न्हाईतर बिलकुल न्हाई."

हा नियम त्याने जगण्यालाही लावला. चहा पिताना कुणी हाक मारली की परत आल्यावर त्याला नवा कप लागे. आरतीच्या मध्येच फोन वाजला म्हणून गणपतीला पुन्हा पहिल्यापासून ओवाळून घ्यावं लागलं. आणि बोलताना लाइट गेली की तो तोंडातला शब्द तिथेच टाकून गप्प होई. आली की सगळं मुळापासून सांगे. मावशीने कपाळावर हात मारायचंही सोडून दिलं होतं.

परतूर सोडायची तयारी नाही म्हणून त्याची बरीच स्थळं मोडली होती. घनसावंगीची मुलगी मात्र फोटोतच त्याच्या मनात भरली. तिला बघायला जाताना जीपमध्ये तो वाटभर उसाच्या फडांकडे बघून हसत होता. ही हातची गेली तर हा पुन्हा कुणाच्या दारात जाणार नाही, हे मावशीला आणि मला पक्कं ठाऊक होतं. पोहे आले. मुलीच्या वडिलांनी पुण्याला कधी जाणार म्हणून विचारलं.

"मी परतूर सोडणार न्हाई, कारण..."

पंखा थांबला. हाही थांबला. वडील खाकरले, पोहे गार झाले, मावशीने मला चिमटा काढला. मुलगी तेवढी त्याच्याकडे शांतपणे बघत बसली होती. बऱ्याच वेळाने पंखा फिरला आणि यानं हात जोडले. "नमस्कार. मी परतूरचा."

मावशीने डोळे मिटले. वडील उठायच्या बेतात होते, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "'कारण'पर्यंत मला याद हाये. तिथून पुढं सांगा."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने मधूनच धागा उचलला. "कारण पुण्याला लाइट फारशी जातच न्हाई. इथं माझ्या कामाची परीक्षा आपोआप होऊन जाती. आन् खरं सांगू का, मला इथंच करमतं."

"मंग बराबर हाये," ती म्हणाली.

आता परतूरला गेलो की संध्याकाळी कधीतरी लाइट जाते, तो गप्प होतो, आणि वहिनी शेंगा सोलत निवांत बसून राहतात. लाइट आली की त्या त्याचा शेवटचा शब्द त्याच्या हातात ठेवतात आणि तो पुढे बोलू लागतो. परतताना एसटीत मला त्याचा फार हेवा वाटतो. माझीही कितीतरी वाक्यं कुणाकुणापाशी अर्धी राहिली; पुढचं कुणी विचारलंच नाही.